भिंतीकडे तोंड केलेल्या सहा तसबिरी

अंकाच्या संपादकबाईंनी फोन करून सांगितलं, तुम्ही चाळीस वर्षं चित्रं टांगलीत, चित्रकारांबद्दल काहीतरी लिहा. मी म्हटलं, बाई, चित्रकारांचं मला काय ठाऊक? मला त्यांच्या चित्रांची मागची बाजू ठाऊक आहे. त्या हसल्या, म्हणाल्या, मग तेच लिहा. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. मी खरं तेच सांगत होतो. आणि त्या मागच्या बाजूनंच म्हातारपणी माझी शोभा केली, ती कशी, ते सांगतो.

चामराजपेटेत आमचं फ्रेमचं दुकान. वडिलांनी घातलं, मी चालवलं, आता पुतण्या बसतो. आम्ही या कानडी शहरातले जुने मराठी, म्हणजे इतके जुने की पुण्याहून आलेल्या पाहुण्याला ‘स्वल्प थांबा’ म्हटलं की तो थांबतो खरा, पण आमच्या तोंडाकडे बघत. वडील देव आणि पूर्वज यांच्या तसबिरी करायचे. मी त्यात चित्रांची प्रदर्शनं लावून देण्याचं काम घेतलं. वडिलांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. देवाला भिंत कायमची मिळते, चित्रकाराला आठ दिवसांची, असं ते म्हणायचे.

आमचा धंदा थोडक्यात असा. चार पट्ट्या तिरक्या कापून जोडायच्या. पुढे काच, मग माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड कागदाची चौकट, मग चित्र, मागे हार्डबोर्ड, आणि धूळ शिरू नये म्हणून वरून खाकी कागद. हा झाला अर्धा भाग. दुसरा अर्धा टांगण्याचा. चित्राचा मध्य जमिनीपासून अठ्ठावन्न इंचांवर यायला हवा, चित्र पोस्टकार्डाएवढं असो नाहीतर दाराएवढं. त्या उंचीला भिंतीवर दोरी ताणायची आणि प्रत्येकाला दोरीवर आणायचं. काम नीट झालं तर आपण तिथं येऊन गेलो हे कुणाला कळत नाही. या न कळण्यावर मी आयुष्यभर पोट भरलं आणि वर त्याचा ताठाही मिरवला.

ताठा मिरवण्यासारखं नेहमीच घडलं असं नाही. एकदा जुन्या बंगल्यातल्या प्रदर्शनात मी लेव्हल लावून, बुडबुडा मधोमध आणून, बावीस चित्रं अगदी सरळ टांगली. छत एका बाजूला कललेलं होतं. त्यामुळे बावीसच्या बावीस वाकडी दिसत होती. चित्रकार रडकुंडीला आला आणि मी त्याला बुडबुडा दाखवत राहिलो.

पण माझ्या सगळ्या घोटाळ्यांचा राजा म्हणजे आजोबांची अदलाबदल. तेव्हा मी विशीत होतो. दोन घरांतून दोन आजोबा आले. आमच्या लोकांत त्या पिढीचे सगळे आजोबा सारखेच: तोच रुमाल, त्याच मिशा, फोटोवाल्याच्या त्याच खुर्चीवर तोच हात. मी दोन्ही फ्रेमा करून उलट्या घरी दिल्या. दोन वर्षं दोन्ही घरं दुसऱ्याच्या आजोबाला हार घालत होती, नैवेद्य दाखवत होती. एका लग्नात पाहुण्यांनी ओळखलं. वडील मला घेऊन माफी मागायला गेले, तर पहिल्या घरची डोळ्यांनी अधू आजी तसबीर परत द्यायला तयार नव्हती. म्हणाली, दोन वर्षं ह्यांनीच घर सांभाळलं, नातवाला नोकरी ह्यांच्यामुळं लागली, आता यांना कुठं पाठवू?

त्या दिवसापासून वडिलांनी नियम घातला. फ्रेम बंद केली की मागच्या खाकी कागदावर चिठ्ठी चिकटवायची: चित्र कुणाचं, त्यात कोण, वरची बाजू कुठली. कारागिरांना वाचता यावं म्हणून कानडीत. चिठ्ठीशिवाय फ्रेम दुकानाबाहेर काढायची नाही. हा नियम मी चाळीस वर्षं मोडला नाही. एकदा मोडला असता तर बरं झालं असतं.

बेळ्ळंदूरच्या बाजूला, रिंग रोडवरून आत, एक खाजगी कॉलेज आहे. चित्रकला, डिझाइन, फोटोग्राफी असलं शिकवतात. नाव लिहीत नाही, संपादकबाईंनी हात जोडलेत. गेल्या वर्षी तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी प्रदर्शन भरवायचं ठरवलं. विषय बंड. सगळं मुलांनीच करायचं, मास्तरांनी लांब राहायचं. प्रदर्शनाचं नाव ‘इल्ला’, म्हणजे कानडीत ‘नाही’. सानिका नावाची मुलगी त्याची क्युरेटर होती. कुणाचं काम घ्यायचं, ते कुठल्या भिंतीवर, कुणाच्या शेजारी, हे सगळं तिनं ठरवायचं. ती मारतहळ्ळीला राहते, आईवडील दोघं पुण्याहून आयटीत आलेले. पहिल्या दिवशी ती मला काका म्हणाली. दुसऱ्या दिवशी दोघा कारागिरांचं ऐकून अण्णा म्हणायला लागली. कानडी येत नाही म्हणून ओशाळायची, आणि ओशाळून आणखी इंग्रजी बोलायची.

मुलांचं बंड मला पहिल्यांदा फार मजेशीर वाटलं. एका मुलानं प्रेशर कुकर आणला होता. जवळ गेलं की शिट्टी व्हायची, त्याचं नाव ‘आईचं मत’. एकीनं मातीचा मायक्रोफोन केला होता. एकानं बेळ्ळंदूरच्या तळ्यावरचा तो प्रसिद्ध फेस काचेच्या बरणीत भरून आणला, शहरानं तळ्याचं काय केलं ते दाखवायला. दोन तासांत फेस बसला आणि तळाशी बोटभर काळं पाणी उरलं. मुलगा हवालदिल झाला. मी त्याला म्हटलं, काळजी करू नकोस, आणि रोज सकाळी भांडी घासायचा साबण घालून बरणी हलवून ठेवायला लागलो. कॉलेजचे डायरेक्टर पाहणीला आले तेव्हा त्या बरणीपाशीच सगळ्यात जास्त वेळ उभे होते. फार धाडसी काम आहे, म्हणाले. साबण माझा होता, म्हणून मी थोडी मान झुकवली.

तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं, की तळं त्यांचं नव्हतं.

सहा फोटो रेणुकाचे होते. रेणुका गौरम्माची मुलगी, आणि गौरम्मा त्याच कॉलेजात झाडलोट करायची. झाडलोट करणाऱ्या बायका एका कंत्राटदाराच्या, कॉलेजच्या नव्हेत. त्यांना लिफ्ट वापरायची मनाई. पाच मजले, बादली, मॉप, फिनेलचे कॅन, सगळं जिन्यानं. लिफ्टमध्ये वास राहतो म्हणे. कँटीनमध्ये बसायचीही मनाई. म्हणून दुपारी एक वाजता गौरम्मा तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामधल्या वळणावर डबा उघडायची, आणि रेणुका वर्गातून येऊन तिच्याशेजारी पायरीवर बसून जेवायची. पहाटे आई निघायची तेव्हा मुलगी झोपलेली, आणि मुलगी शिकवण्या आटोपून घरी यायची तेव्हा आई झोपलेली. दिवसभरात मायलेकींची भेट म्हणजे ती अर्ध्या तासाची पायरी. पायरीवर बसलं की डोळ्यांसमोर काय येतं? चढणाऱ्या-उतरणाऱ्यांचे पाय. रेणुकानं तेच काढले होते. सहा बायकांचे पाय, तळमजला धरून सहा मजल्यांवर, भेगा, रबरी चप्पल, ओल्या पायऱ्या. चेहरा एकाही फोटोत नव्हता. सहाही फोटोंच्या वरच्या कोपऱ्यात लिफ्टचं बंद दार दिसत होतं.

मी पुष्कळ चित्रं पाहिली आहेत. या सहांची काच पुसताना मी दोनदा थांबलो, आणि मी थांबणारा माणूस नव्हे.

सानिकानं मला यादी देताना बजावलं होतं. “अण्णा, या सहा लेबल्सवर नावं नकोत हां. फक्त ‘नाव दिलेलं नाही’ एवढंच. त्यांना त्रास व्हायला नको.” मी म्हटलं, सरी सरी, म्हणजे बरं बरं. लेबल म्हणजे चित्राशेजारी भिंतीवर लागतं ते कार्ड. तिथं मी नाव घातलं नाही. अगदी काटेकोरपणे घातलं नाही.

आणि दुकानात येऊन फ्रेमा बंद करताना रेणुकाला फोन लावला. सहा जोड पाय, सगळे सारखे. तळमजल्यापासून वर क्रमानं टांगायचे होते, आणि आजोबांचा धडा मी विसरलो नव्हतो. कुठले पाय कुणाचे गं? तिनं बिचारीनं सरळ सांगितलं. मी सुवाच्य कानडीत सहा चिठ्ठ्या लिहिल्या. ‘पाय: गौरम्मा, तिसरा मजला, सकाळची पाळी. वरची बाजू ही.’ आणि शेजारी बाण.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी इस्टेट ऑफिसर आले. इमारत, लिफ्ट, पहारेकरी, झाडलोट, सगळं या गृहस्थांच्या हाताखाली. आवाज कधी चढवत नाहीत. सहा फोटोंसमोर उभे राहिले, लेबल वाचलं, आणि म्हणाले की ही भिंत रिकामी करा. सानिका वाद घालायला लागली. विषयच हा आहे सर, डायरेक्टर सरांनी स्वतः परवानगी दिली आहे, ‘नाही’ म्हणायला शिका असं तेच म्हणाले.

“म्हणा ना,” ऑफिसर म्हणाले. “पण बाहेरच्यांना म्हणा.”

हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. इतकं स्वच्छ वाक्य सहसा ऐकायला मिळत नाही.

सानिकाचा चेहरा लाल झाला होता. बाकीची मुलं जमली. कुणी म्हणे प्रदर्शनच बंद करू, कुणी म्हणे डायरेक्टरकडे जाऊ. रेणुका तिथं नव्हती, पलीकडच्या इमारतीत तिची तोंडी परीक्षा चालू होती. आणि मी शिडीवर बसलेला, चाळीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस, मला वाटलं आता या पोरांना आपणच वाचवायचं. मी खाली उतरलो आणि ऑफिसरना म्हटलं, साहेब, फ्रेमा काढल्या तर भिंतीवर बारा भोकं दिसतील, उद्यापर्यंत पुट्टी वाळायची नाही, पाहुण्यांना काय दाखवाल? त्यापेक्षा मी त्या उलट्या लावतो. तोंड भिंतीकडे. चित्र दिसायचं नाही, भिंतही रिकामी वाटायची नाही. त्यांनी विचार केला आणि मान हलवली. मग मी सानिकाकडे वळून मराठीत, म्हणजे साहेबांना कळू नये असं, हळूच म्हटलं, “पोरी, पाठ दिसली की येणारा प्रत्येक माणूस विचारील, पुढे काय आहे? हसत हसत हो म्हण.”

तिचे डोळे चमकले. अण्णा, जीनियस, म्हणाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला कुणी जीनियस म्हणण्याची ती पहिली वेळ, आणि शेवटचीही.

मग मी स्वतःच्या हातांनी सहाही फ्रेमा उलट्या केल्या. वरच्या पट्टीला नवे हूक ठोकले, दोरीवर मध्य आणला. सहाही चिठ्ठ्या माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर होत्या. दिसल्या का? दिसल्या. पण रोज बघून बघून मला त्या दिसेनाशा झाल्या होत्या. सानिकानं विचारलंसुद्धा, हे काय लिहिलंय? मी म्हटलं, काही नाही गं, आमची खूण, वर-खाली कळायला. तिला ती कानडी अक्षरं फार सुंदर वाटली. तिनं त्यांचा फोटो काढला नाही, हे नशीब म्हणायचं, तर पुढे काढणारा भेटलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन. डायरेक्टरांनी भाषण केलं. तरुणांनी प्रश्न विचारले पाहिजेत, सत्तेला अस्वस्थ केलं पाहिजे, या संस्थेच्या भिंती त्यासाठी सदैव खुल्या आहेत. त्यांच्या डाव्या खांद्यामागे सहा फ्रेमा पाठ करून उभ्या होत्या. मी म्हटलं तसंच झालं. सगळ्यात मोठी गर्दी त्यांच्यासमोरच. लोक एकमेकांना विचारत होते, यात काय आहे? कुकरची शिट्टी कुणी ऐकेना. मी भिंतीला टेकून हे सगळं बघत होतो, आणि छाती जरा जास्तच फुगली होती.

गर्दी ओसरल्यावर इस्टेट ऑफिसर तिथं येऊन उभे राहिले. हात मागे बांधून, पहिल्या फ्रेमपासून सहाव्यापर्यंत सावकाश गेले. मग पुन्हा पहिल्यापाशी आले, मोबाइल काढला आणि एकेका फ्रेमचा जवळून फोटो घेतला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. माझ्या कामाकडे इतकं मन लावून आजवर कुणी बघितलं नव्हतं. मी सानिकाला कोपरानं ढोसून दाखवलंसुद्धा: बघ, साहेबालाही भुरळ पडली.

अकराच्या सुमारास रेणुका आली. फ्रेमा उलट्या लावल्यात हे तिला फोनवर कळवलं होतं. ती हसतच आली. भिंतीपाशी गेली आणि जागच्या जागी उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “अण्णा, हे तुम्ही लिहिलंत?”

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “हो. अक्षर चांगलं आलंय ना?”

ती नखांनी चिठ्ठ्या खरवडायला लागली. पहिली निघाली, दुसरी निघाली. आमचा डिंक पक्का असतो, वडिलांच्या वेळचा नुस्खा. तिसरी निघताना तिचं नख मोडलं, आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पत्र्याची पट्टी घेऊन धावलो. उरलेल्या तिन्ही आम्ही दोघांनी काढल्या. ती एकदाही माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

जेवणानंतर सहा बायकांना कंत्राटदाराच्या माणसानं बोलावलं. नावं, मजले, पाळ्या, सगळं त्याच्या हातातल्या मोबाइलवर होतं. सोमवारपासून साइट बदल. कुणाला एकीकडे, कुणाला दुसरीकडे. गौरम्माला येलहंकाच्या पुढे, विमानतळाच्या वाटेवरच्या एका ऑफिसात. घरापासून तीन बस.

आता मला राग कशाचा येतो, ते नीट सांगतो, कारण हा लेख मी त्यासाठीच लिहायला घेतला. माझ्या मूर्खपणाचा राग आहेच, त्याची सवय आहे. पण एका बाईचे पाय दिसतात, चेहरा नाही, नाव नाही, तक्रारीचा शब्द नाही, आणि तेवढ्यानं पाच मजल्यांच्या इमारतीला धक्का बसतो? तळ्यावर बोला, दूरदेशीच्या राजांवर बोला, आईच्या कुकरवर बोला, टाळ्या मिळतील. आमच्या जिन्यावर बोललात की बदली. आणि तीही अशी की बोट ठेवायला जागा नको. कामावरून काढलं असतं तर चार लोक जमले असते. साइट बदलली म्हटल्यावर कोण जमणार? ज्यांनी हे केलं त्यांच्या हाताला फिनेलचा वाससुद्धा लागला नाही.

मी ऑफिसरच्या खोलीत गेलो. जाताना जिन्यावर एक युक्ती सुचली. माझ्या युक्त्यांचं एव्हाना तुम्हाला कळलंच आहे. मी म्हटलं, साहेब, गैरसमज झालाय, ती नावं त्या बायकांची नाहीत, आमच्या घरच्या बायकांची आहेत, मोडक्या फ्रेमांच्या जुन्या चिठ्ठ्या राहून गेल्या.

त्यांनी मोबाइल उघडून वाचलं. “तुमच्या घरच्या बायकांची सकाळची पाळी आमच्या तिसऱ्या मजल्यावर असते का?”

मी मग खरं बोललो. चूक माझी, त्यांनी काही केलं नाही, मला काय करायचं ते करा. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं.

“चूक कसली, अण्णा? तुमची मदतच झाली,” ते म्हणाले. “आणि कुणाला शिक्षा झाली आहे? बदली म्हणजे शिक्षा नव्हे.”

त्या मदत या शब्दानं माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो आणि जाहीर केलं की फ्रेमा भाड्याच्या आहेत, म्हणजे माझ्या आहेत, आणि त्या सहा बायका परत या इमारतीत येईपर्यंत मी प्रदर्शन उतरवणार नाही. शुक्रवारी कुणी मोठे तपासणीवाले येणार होते, त्याआधी हॉल मोकळा हवा होता. बघू कोण उतरवतं ते. आयुष्यात पहिल्यांदा मी असं काही बोललो. घरी येऊन बायकोलाही सांगितलं. तिनं विचारलं, तुमच्याशिवाय खिळा कुणाला काढता येत नाही का?

गुरुवारी दोन पहारेकऱ्यांनी बारा मिनिटांत प्रदर्शन उतरवलं. फ्रेमा टेंपोत घालून दुकानात आल्या. दोन फ्रेमांच्या काचा तडकलेल्या, आणि फेसाची बरणी रिकामी. माझं बंड इतकंच.

मुलांचं मात्र जरा जास्त टिकलं. सानिकानं आणि तिच्या वर्गानं लिफ्टमध्ये पाय टाकायचं सोडलं. पाचव्या मजल्यावर वर्ग, पाठीला पिशव्या, हातात कॅनव्हास, तरी जिन्यानं. पहिल्या दिवशी आठ-दहा होते, मग खालचे वर्गही आले. आठवडाभर लिफ्ट रिकामीच वर-खाली होत राहिली. शेवटी एक नोटीस लागली: लिफ्ट सर्वांसाठी खुली आहे, कर्मचाऱ्यांसह. आधी कधी बंद होती, याचा उल्लेख नाही. सानिकानं मला फोटो पाठवला, खाली लिहिलं, ‘जिंकलो अण्णा!!’

मीही तसंच समजलो. रविवारी मैसूरपाक घेतला, रेणुकाला पत्ता विचारला, आणि बेळ्ळंदूरच्या जुन्या गावठाणातल्या त्यांच्या खोलीवर गेलो. गौरम्माला मी आधी कधी भेटलो नव्हतो. तिचे पाय मात्र ओळखीचे होते, आणि दारात उभा राहून मी त्यांच्याकडेच बघत होतो. या म्हणाली. मी माफी मागितली, सगळं पहिल्यापासून सांगितलं, साहेबांसमोर काय बोललो तेही, स्वल्प रंगवूनच. शेवटी लिफ्टची बातमी दिली आणि डबा पुढे केला.

तिनं डबा हातात घेतला नाही. आम्ही कानडीत बोलत होतो, तिचे शब्द जमतील तसे मराठीत देतो.

“लिफ्ट खुली झाली, चांगलं झालं,” ती म्हणाली. “तिथं आता दुसऱ्या बायका आहेत. त्या वर जातील. मी दोन वाजता येलहंकाला भिंतीकडे तोंड करून जेवते. आणि ही जेवतच नाही. मला सांगते जेवले. रोज पहाटे तिचा डबा उचलला की कळतं मला, भरलेला आहे.”

रेणुका कोपऱ्यात बसली होती. तिनं मान वर केली नाही.

मी म्हटलं, अक्का, मी साहेबांना विचारलं होतं, ते म्हणाले बदली म्हणजे शिक्षा नव्हे.

“किती वेळा विचारलंत?”

“एकदा.”

“हिच्या शाळेच्या दाखल्यासाठी मी अकरा वेळा गेले होते,” गौरम्मा म्हणाली. “माझ्यापाशी माफी मागणं सोपं आहे, अण्णा. माझ्या दाराला पहारेकरी नाही.”

मी डबा खाली ठेवला. मग विचारलं, तुमचं नाव घेऊन विचारू का?

“आता विचारताय?” ती म्हणाली. आणि मग, “घ्या. आता तरी पूर्ण घ्या.”

तेव्हापासून दर मंगळवारी मी चामराजपेटेतून बस धरतो, बाजारापाशी बदलतो, रिंग रोडच्या गर्दीत दीड तास उभा राहतो आणि अकराच्या सुमारास त्या कॉलेजच्या फाटकावर पोचतो. मला आत घेत नाहीत. इस्टेट ऑफिसर मीटिंगमध्ये असतात. त्यांच्याइतक्या मीटिंगा मंत्र्यालाही नसतील. पण फाटकावर येणाऱ्याची नोंदवही असते, त्यात लिहिण्यापासून कुणाला अडवता येत नाही. नाव, गाव, वेळ, आणि ‘भेटीचं कारण’. त्या रकान्यात मी माझ्या सुवाच्य कानडीत दर आठवड्याला तेच लिहितो: ‘गौरम्मा, झाडलोट, तिसरा मजला, सकाळची पाळी, यांना परत या इमारतीत कधी आणणार, हे विचारण्यासाठी.’ रकाना अरुंद आहे, ओळ शेजारच्याच्या गाडीच्या नंबरावर जाते. मग बाकावर बसून पाणी पितो आणि परत फिरतो. वहीत आता सतरा पानांवर माझी ओळ आहे. तपासणीवाले पुन्हा येतील तेव्हा वही चाळतील अशी मला वेडी आशा आहे.

पुतण्या म्हणतो, मामला संपलाय, गुडघे सांभाळा. अकराचा आकडा तर मी केव्हाच ओलांडला. उत्तर आलेलं नाही. आलं तर या अंकात छापायला देईन, असं संपादकबाईंना सांगितलंय.

फाटकावरचा पहारेकरी त्याच कंत्राटदाराचा माणूस. प्रदर्शन उतरवणाऱ्या दोघांतला एक. सुरुवातीला तो माझ्या नजरेला नजर द्यायचा नाही, वही पुढे सरकवायचा आणि रस्त्याकडे बघायचा. गेल्या मंगळवारी गर्दीत बस अडकली, मला पोचायला साडेबारा झाले. धापा टाकत वही ओढली, तर अकराच्या वेळेला माझी ओळ लिहून तयार होती. नाव, चामराजपेट, आणि कारणाच्या रकान्यात गौरम्माचं पूर्ण वाक्य, त्याच्या गिचमिड अक्षरात. फक्त सहीची जागा त्यानं मोकळी सोडली होती.